मान हलवली, एवढंच

शिरूर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

बानू खाला,
सलाम.

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. नोव्हेंबरात राहू गावची सायली ही सव्वीस वर्षांची बाई, नवरा मारतो अशी तक्रार घेऊन दौंडला तुमच्या समुपदेशन केंद्रात आली.

२. तुम्ही तिच्याशी एकदा बोललात. मग ‘पत्नी स्वखुशीने नांदायला तयार आहे’ असा अहवाल लिहून तिला सासरी परत पाठवलंत.

३. डिसेंबरात शिरूरला अंगणवाडी सेविकांच्या शिबिरात देहबोलीवर तुमचं व्याख्यान झालं. तुम्हीच बोलावलंत म्हणून मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही सायलीची गोष्ट सांगितलीत. नाव घेतलं नाहीत, पण ‘राहूची सून, माहेर कवठे येमाईचं, सासरा सोसायटीचा चेअरमन’ इतकं सांगितलंत. ती खुर्चीत कशी पुढे झुकली होती, तुमच्या तोंडावरून नजर कशी हलवत नव्हती, प्रत्येक वाक्याला मान कशी डोलावत होती, हे करून दाखवलंत. ‘तोंड खोटं बोलेल, अंग खोटं बोलत नाही,’ असं म्हणालात. टाळ्या पडल्या.

४. या सोमवारी सायली आमच्या दवाखान्यात आली. बरोबर तिची आई सारजाबाई. तक्रार अशी की कानात सारखी शिट्टी वाजते.

५. डॉक्टरांनी कान पाहिले. डाव्या पडद्याला भोक आहे. उजवा पडदा कधीतरी फाटून वेडावाकडा भरला आहे. मग मी श्रवणचाचणी घेतली. डाव्या कानाने तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. उजव्याने साठ डेसिबलच्या खालचं येत नाही. तुम्ही टेबलापलीकडून ज्या मऊ आवाजात समुपदेशन करता, तो पन्नासच्याही खाली असतो.

६. पडदे नवऱ्याच्या चपराकींनी फाटले, असं ती म्हणते. जखमा तशाच आहेत, असं डॉक्टर म्हणतात.

७. केंद्रातल्या बाई काय म्हणाल्या, असं मी तिला कागदावर लिहून विचारलं. ती म्हणाली, “बाई लई चांगल्या व्हत्या. काय म्हनल्या त्ये न्हाई कळलं.”

घडलं ते एवढं.

खाला, ती पुढे झुकली कारण तिला ऐकू येत नव्हतं. तुमच्या तोंडाकडे बघत राहिली कारण ती ओठ वाचत होती. तिला मारून बहिरं केलं, आणि त्या बहिरेपणाच्या खुणा तुम्ही विश्वासाच्या खुणा म्हणून वाचल्यात. नुसत्या वाचल्या नाहीत, व्यासपीठावरून शिकवल्यात.

सायली चुलतभावाच्या साखरपुड्याला माहेरी आली, तेव्हापासून आईने तिला ठेवून घेतलं आहे. मंगळवार, ४ फेब्रुवारीला तुमच्या केंद्रात पाठपुराव्याची बैठक आहे. त्या दिवशी अहवाल कायम होणार, आणि सासरा तिला तिथूनच राहूला घेऊन जाणार. तिने वकील गाठला. तो म्हणाला, ‘स्वखुशीने’ हा शब्द एकदा कायम झाला की पुढे जिथे जाल तिथे आधी तोच वाचला जाईल. तिच्या उजव्या कानात थोडं ऐकू येणं शिल्लक आहे. त्याच बाजूला आणखी एक चपराक बसली तर तेही राहणार नाही.

हा अहवाल मागे घ्या. हे सगळं लिहायला सायलीची लेखी परवानगी आहे.

फोन करू नका. फोनवर तुम्ही माझ्या आवाजावरून मला समजावायला लागता, आणि बोलायचं राहून जातं. कागदावर ते जमणार नाही, म्हणून कागद.

शाहिस्ता

*

दौंड,
१३ जानेवारी

शाहिस्ता बेटी,
खूप खूप दुआ.

पत्र मिळालं. खालाला आकडे घालून पत्र लिहिणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. तुझ्या अम्मीनं रुखवतातली भांडीसुद्धा एवढी ओळीनं मांडली नव्हती.

तुझा राग मला दिसतो, आणि तो कुठून आलाय तेही दिसतं. शिक्रापूरच्या रिजवानचं स्थळ मी आणलं, तू नाही म्हणालीस, आणि तेव्हापासून माझा फोन घेत नाहीस. नाही तर नाही. मी काही तुला बांधून निकाह लावणार नव्हते. पण तो राग असा भलत्या वाटेनं काढू नये. बावीस वर्षं माणसांसमोर बसतेय, बेटी. ओळींच्या मागचं मला वाचता येतं.

आता त्या मुलीचं. ती माझ्यासमोर बसली तेव्हा हात मोकळे मांडीवर होते. अंग चोरलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव निघालं तर डोळे खाली गेले नाहीत. उठताना माझ्या हाताला हात लावून गेली. बहिरं माणूस असं असतं? आमच्या चुलत सासूबाई बहिऱ्या होत्या. त्यांनी मीठ मागितलं तर स्टेशनापर्यंत ऐकू जायचं. ही पोर तर चिमणीसारखी बोलत होती.

तरी तू लिहिलंस म्हणून मनात शंका राहू नये, मी मारुतरावांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना फोन केला. सरळ विचारलं, सूनबाईच्या कानाचं काय आहे, शिरूरला तपासणी झाली म्हणे. भला माणूस आहे. म्हणाले, “बाई, पोरीला ल्हानपणापास्नंच कमी ऐकू येतंय, म्हायेरच्यांनी दडवून लगीन लावलं. आमी कवा बोललो का?” आता सांग. मी त्यांना बजावलंय की पोरीला जपा.

तू हुशार आहेस. पण यंत्राला आकडा कळतो, माणूस कळायला माणूस लागतो. तुझ्यासमोर पेशंट बसतो तेव्हा तू काट्याकडं बघतेस. जरा हसत जा, किती वेळा सांगितलंय. हसऱ्या तोंडासमोर माणूस उघडतो.

मोडणं सोपं असतं, शाहिस्ता. माझ्याकडं मोडायला आलेली किती घरं मी उभी ठेवली, ते दौंडात कुणालाही विचार. जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला मुख्य प्रशिक्षक म्हणून उगाच नाव नाही सुचवलं माझं. ४ तारखेला ती समोर येईलच. मी तिच्या डोळ्यांत बघीन. मला कळेल.

तीळगूळ पाठवतेय, शेजारच्या शेवंताबाईंनी केलाय. खा आणि गोड बोल.

तुझी,
बानू खाला

*

शिरूर,
शुक्रवार, १७ जानेवारी

बानू खाला,

रिजवानचा यात काही संबंध नाही. तो भला मुलगा असेल. मला लग्न करायचं नव्हतं, मी नाही म्हणाले, तुम्हाला ते तेव्हाच ऐकू आलं. फोन घेत नाही कारण दिवसभर पेशंट असतात आणि संध्याकाळी मला कुणाचाच फोन नको असतो. ओळींच्या मागे काही नाही. जे आहे ते ओळींतच आहे, आणि तेच तुम्ही वाचलेलं नाहीत.

तुम्ही मारुतरावांना फोन केलात.

हे वाक्य मी तुमच्या पत्रात दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. एका तक्रारदार बाईची वैद्यकीय तपासणी झाली, ही गोष्ट मी तुम्हाला तिच्या परवानगीने कळवली. तुम्ही ती ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या घरी कळवलीत. पुढे काय झालं ते लिहिते. बुधवारी सत्यजीत, तिचा नवरा, मोटारसायकलवर कवठे येमाईला आला. घरात सारजाबाई आणि सायली दोघीच. त्याने दारातूनच विचारलं, “कान दाखवायला कुनी सांगितलं?” सायलीला तो काय म्हणाला ते कळलं नाही. तिने मान हलवली. त्याने अंगणातली बादली लाथेने उडवली. शेजारचा भैरू आणि त्याची माणसं आली म्हणून तो गेला. जाताना सारजाबाईंना म्हणाला, “चार तारखेला सही झाली की बघतो.”

पोरीला जपा, असं तुम्ही त्यांना बजावलं होतंत.

आता लहानपणापासून ऐकू येत नसल्याचं. लग्नाआधी दोन वर्षं सायली शिक्रापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोनवर होती. बाहेर ट्रकांचा आवाज, आणि फोनवर हिंदी, मराठी, तामिळ माणसांची नावं ऐकून लिहून घ्यायची. बहिऱ्या मुलीला ती नोकरी दोन वर्षं कुणी देत नाही.

तुमच्या चुलत सासूबाईंचं. नस गेलेलं माणूस मोठ्याने बोलतं, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पडदा गेलेल्या माणसाचं उलटं असतं. बाहेरचं ऐकू येत नाही, पण स्वतःचा आवाज हाडांतून आत घुमतो आणि मोठा वाटतो, म्हणून ते हळू बोलतं. सायलीचं बिघडलंय ते मुख्यतः पडद्यांचं. ती चिमणीसारखी बोलते ते त्यामुळे.

आणि हसण्याचं. हसत बोललं की ओठ ताणले जातात आणि अक्षरं ओळखू येत नाहीत. तुम्ही तिच्याशी सगळा वेळ हसत बोललात. सारजाबाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्या लेकीला म्हणाल्या, “ह्या बाईचं तोंड जनू दगडाचं हाय, पर तुला तिचं बोलनं कळतंय बग.”

मी काट्याकडे बघते, हे खरं आहे. त्या सोमवारी चाचणीच्या खोलीत काय झालं तेही लिहिते, म्हणजे मी कशाकडे बघत होते ते कळेल.

आमच्याकडे पेशंट ओठ वाचतोय का, हे बघायची साधी रीत आहे. बोलताना तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. मी पुठ्ठा धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तुमच्या रानात आग लागली आहे.”

सायली हसली. मान हलवली.

मी म्हणाले, “गोठाही पेटला आहे.”

तिने पुन्हा मान हलवली, जरा जास्तच.

सारजाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग लेकीच्या दंडाला धरून म्हणाल्या, “अगं हसतीस काय. रान पेटलंय म्हनत्यात त्या.” सायलीने आईकडे बघूनही मान हलवली. मग सारजाबाई मला म्हणाल्या, “फोनवर बी असंच. सा महिने झालं, म्या काय बी सांगावं, हिचं आपलं व्हय आई, व्हय आई. मला वाटलं लेक सुखात हाय, आई नगंशी झाली. म्या रुसून फोन करायचा बंद केला व्हता, बाई.”

पुठ्ठा खाली ठेवून मी लिहून विचारलं, कळत नसताना मान का हलवता?

सायलीने उत्तर तोंडीच दिलं. ती म्हणाली, “सारखं काय, काय, इचारलं की ह्यांना राग येतो. बहिरी हाईस का, म्हनत्यात, आन् मग परत कानाखालीच. मान हलवली की सुटतं.”

तुम्ही व्यासपीठावर जी मान डोलावून दाखवलीत, ती ही. सासरी मार चुकवायला शिकलेली मान. तुमच्या खोलीत ती तुम्हालाही घाबरून हलवत होती, खाला. तुम्ही चांगल्या होतात हे तिला कळत होतं, पण ‘काय?’ असं दुसऱ्यांदा विचारायची सवय तिच्यात राहिलेली नाही.

तिने आणखी एक सांगितलं. तुम्ही बोलताना अधूनमधून तुमची नजर तिच्या खांद्यावरून मागे जात होती. मागे कोण होतं? तिला वळून बघायचं धाडस झालं नाही. पण तिने डोक्यावरून पदर घेतला होता, कानांवरून खाली. अशी ती फक्त सासऱ्यासमोर बसते. तुमच्या अहवालात ‘एकांतात चर्चा’ असं लिहिलं आहे. याचं उत्तर द्या.

तीळगूळ पोचला. गोड बोलण्यासारखं सध्या माझ्याकडे काही नाही.

शाहिस्ता

*

दौंड,
२३ जानेवारी

शाहिस्ता,

तुझ्या दुसऱ्या पत्राची भाषा मला आवडली नाही. तुझ्या अम्मीनंतर तुला मी वाढवलं, हे मी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

विचारलंस म्हणून सांगते. मारुतराव खोलीत होते. दाराजवळच्या बाकावर. वयानं मोठा माणूस, त्यांना बाहेर उन्हात उभं ठेवणं बरं दिसत नव्हतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. केंद्राच्या स्थानिक समितीत ते आहेत, हे तुला माहीत नसेल. अहवाल लिहिला मी, पण तो समितीपुढे गेला, समितीनं बघितला. आता तो केंद्राचा आहे. माझ्या एकटीच्या हातात नाही.

फोन करायला नको होता. सत्यजीत तसं करील असं वाटलं नव्हतं.

पण तुला एक गोष्ट कळत नाही, कारण तुझं काम कानापाशी संपतं. मी आज लिहून दिलं की मला या मुलीची मान कळली नाही, तर उद्या कुणीही विचारील की मग बाकीच्यांची कशी कळली? माझ्यासमोर किती बायकांनी मान हलवली असेल. त्यांची घरं मी त्या मानेवर उभी केली. त्यातल्या कितीजणी आज सुखानं नांदतायत. एका अहवालासाठी सगळे उघडायचे? त्यांच्या घरात जाऊन पुन्हा विचारायचं, बाई गं, तेव्हा हो म्हणाली होतीस ते खरं होतं का? आणि माझं काय? मला दुसरं काही येत नाही. शिकायला मिळालं ते एवढंच. माणसाच्या तोंडाकडं बघून त्याच्या मनातलं ओळखते, एवढीच माझी लायकी सगळ्यांनी मान्य केली. ती काढून घेतलीस तर मी फक्त एक बोलघेवडी बाई उरते.

४ तारखेला मी तिच्याकडं नीट लक्ष देईन. जपून विचारीन. हा माझा शब्द समज.

या विषयावर यापुढं लिहू नकोस. ईदला घरी ये.

बानू खाला

*

शिरूर,
शनिवार, २५ जानेवारी

बानू खाला,

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. मंगळवारी तुम्ही कवठे येमाईला गेला होतात.

मला हे काल कळलं. सायलीच्या श्रवणयंत्रासाठी कानाचा साचा घ्यायचा होता, म्हणून दोघी आल्या होत्या. साचा वाळेपर्यंत सारजाबाई बोलत बसल्या. त्यांचं बोलणं लिहिते, कारण तुम्ही तिथे होतात आणि यात कुठे चूक असेल तर दुरुस्त करू शकाल.

“त्या दौंडच्या बाई आल्या व्हत्या मंगळवारी. रिक्षा पार वाटंवरच सोडली, चालत आल्या. म्या दारात धान पाखडत व्हते. मला हातानंच गप ऱ्हा म्हनल्या. ही तिकडं तोंड करून कांद्याची रोपं निवडत बसल्याली. बाई हिच्या मागं हुब्या ऱ्हायल्या. म्हनल्या, सायली. ही आपली रोपं निवडतीया. पुन्यांदा म्हनल्या, सायली बेटा. जरा वर आवाज केला, तरी न्हाई. शेळीनं बगितलं वळून, हिनं न्हाई.”

मी विचारलं, मग?

“मंग बाई फिरून म्होरं आल्या. हिनं वर बगितलं आन् वळखलं. हसली, आन् मान हलवाया लागली.”

बाई काय म्हणाल्या होत्या, असं मी विचारलं.

“काय बी न्हाई. बाई आजून बोलल्याच नव्हत्या.”

खाला, हे मी पुन्हा लिहिते. तुम्ही एक शब्दही बोलला नव्हतात, आणि तिने होकाराची मान हलवली.

मग तुम्ही बांधावर बसलात. सारजाबाईंनी चहा टाकला, तो न घेता उठलात. त्या म्हणाल्या, “बाईचं त्वांड पार उतरलं व्हतं. म्या म्हनलं, आता ह्या काय तरी करत्याल.” सायलीलाही तसंच वाटलं. दोघींना तुमच्या चेहऱ्यावरून धीर आला. त्या दिवशी त्या घरी जरा जेवल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही मला पत्र लिहिलंत, की अहवाल तुमच्या हातात नाही आणि या विषयावर लिहू नकोस.

तुमच्या दोन्ही पत्रांतल्या बाकी सगळ्यापेक्षा मला याचा जास्त राग आला. तोवर तुम्हाला कळलं नव्हतं, एवढी तरी सोय होती. मंगळवारी कळलं. तुम्ही तिच्या मागे उभं राहून स्वतः चाचणी घेतलीत, आमच्याकडे घेतात तशीच, आणि निकाल स्वतःजवळ ठेवलात. तुमच्यासमोर बसणाऱ्या बायकांना तुम्ही सांगता की मनात दाबून ठेवू नका.

तुमचा चेहरा उतरला होता म्हणे. माझा यावर विश्वास आहे. तुम्हाला वाईट वाटलं असेल, रात्री झोप लागली नसेल. पण उतरलेला चेहरा अहवालाला जोडता येत नाही. वकिलाला तो वाचता येणार नाही, आणि मारुतराव वाचणार नाहीत. सायलीला तुमचं बोलणं कळलं नाही तेव्हा तुम्ही तिच्या चेहऱ्यावर भागवलंत. आता तिने तुमच्या चेहऱ्यावर भागवावं, अशी तुमची अपेक्षा दिसते. मी ते होऊ देणार नाही.

बाकीच्या बायकांचं तुम्ही विचारलंत. तुमच्या तिन्हीत्रिकाळ समजूतदारपणात हाच एक प्रश्न मला खरा वाटला, आणि तो तुम्ही गप्प बसायचं कारण म्हणून वापरलात. हो, त्यांना पुन्हा विचारावं लागेल. ज्या सुखात आहेत त्या तसं सांगतील. त्यांना तोंड आहे.

तुम्ही नुसत्या बोलघेवड्या उराल, असं लिहिलंत. मला तसं वाटत नाही. अम्मी गेल्यावर महिनाभर मी कुणाशी बोलले नव्हते, तेव्हा माझ्या मनातलं ओळखल्याचा आव न आणता रोज सकाळी ‘शाहिस्ता, आज काय खाशील?’ असं तुम्ही विचारायचात आणि मी सांगेपर्यंत थांबायचात. तेव्हा तुम्हाला विचारता येत होतं. तुमचं नाव झालं आणि तुम्ही विचारणं सोडलंत. तुम्ही मला वाढवलंत म्हणूनच हे आधी तुम्हाला लिहिते आहे. नाहीतर पहिलं पत्र तुमच्या वरिष्ठांना गेलं असतं.

काल मी सायलीला कागदावर प्रश्न लिहून दिला: तुम्हाला राहूला नांदायला जायचं आहे का? खोलीत ती आणि मी दोघीच होतो. सारजाबाईंना मी बाहेर बसवलं, त्या रागावल्या, तरी बसवलं. तिने खाली जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते:

‘मला राहूला जायचं नाही. नोव्हेंबरमध्ये पण हेच सांगायला आले होते. मला नवऱ्याची भीती वाटते. माझा उजवा कान वाचवायचा आहे. सायली.’

हे लिहायला तिला फार वेळ लागला नाही.

आता मागणी.

तुम्ही केंद्राला आणि समितीला लेखी कळवावं की नोव्हेंबरातल्या भेटीत सायलीला तुमचं बोलणं ऐकू आलेलं नव्हतं, सासरे खोलीत हजर होते, आणि म्हणून ‘स्वखुशीने नांदायला तयार’ हे वाक्य तुम्ही मागे घेत आहात. ४ तारखेच्या बैठकीत तिला प्रश्न लिहून द्यावेत आणि तिची उत्तरं तिच्याच अक्षरात घ्यावीत. त्या वेळी खोलीत सासरचं कुणी नसावं. तिची गोष्ट पुन्हा कुठल्याही व्याख्यानात सांगू नये.

पत्र तुमच्याकडून आलं तर ते तुमची दुरुस्ती म्हणून नोंदलं जाईल. नाही आलं तर डॉक्टरांचा दाखला, माझी चाचणी आणि सायलीचं निवेदन घेऊन मी सोमवारी, ३ तारखेला तुमच्या वरिष्ठांकडे जाईन, आणि खोलीत कोण होतं हेही सांगेन. तुम्ही मला ते लेखी दिलेलं आहे.

ईदला येईन की नाही ते आता लिहीत नाही.

तुमचं उत्तर मला शुक्रवार, ३१ जानेवारीपर्यंत मिळावं. फोन नको, निरोप नको, भेटायला येऊ नका. हो किंवा नाही, शब्दांत, सहीसकट कळवा.

शाहिस्ता